'नॉट'ची हद्द

इंग्रजी व्याकरणाची जी पुस्तके आपल्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, त्यांत कर्मणी प्रयोगाचा धडा एका ठिकाणी, 'कॅन', 'मे', 'मस्ट', 'शॅल' इत्यादी साहाय्यक क्रियापदांचा दुसऱ्या ठिकाणी आणि क्रियाविशेषणांच्या स्थानाचा विचार बहुधा तिसऱ्याच ठिकाणी ठेवलेला असतो. त्यामुळे या तिन्ही धड्यांत उत्तम गुण मिळविलेला विद्यार्थी पुढे एखाद्या कचेरीत मसुदे लिहावयास बसला, आणि साहाय्यक क्रियापद, नकार, कर्मणी रचना व क्रियाविशेषण ही चारही मंडळी एकाच वाक्यात त्याच्यापुढे उभी राहिली, म्हणजे त्याची लेखणी थबकते. आणि कचेरीच्या लिखाणात तर ही मंडळी एकत्र येण्यावाचून राहत नाहीत. मनाई करावयाची असते, म्हणून नकार येतो; मनाई करणाराला आपले नाव पुढे आणावयाचे नसते, म्हणून कर्मणी रचना येते; हुकमाला जोर हवा असतो, म्हणून 'शॅल' किंवा 'मस्ट' येते; आणि सरसकट मनाई केली तर उद्या स्वतःलाच अडचण होईल हे हुकूम काढणारा जाणून असतो, म्हणून मर्यादा घालणारे एखादे क्रियाविशेषण त्यात हळूच बसविले जाते. ते कोठे बसवावे, एवढ्याच प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम वाक्याचा सांगाडा पाहू. 'द लेटर कॅनॉट बी ओपन्ड', 'द लेटर शुड नॉट हॅव बीन ओपन्ड' यांसारख्या वाक्यांत साहाय्यक क्रियापद, मग 'नॉट', भूतकाळाचा संबंध असल्यास 'हॅव', त्यानंतर 'बी' किंवा 'बीन', आणि सरतेशेवटी भूतकालवाचक धातुसाधित असा क्रम ठरलेला असतो, व त्यात कोणालाही आपली जागा सोडता येत नाही. मोकळे फिरते ते एकटे क्रियाविशेषण. ते साहाय्यक क्रियापदाच्या आधी येऊ शकते, त्या क्रियापदाच्या व 'नॉट'च्या मध्ये येऊ शकते, 'नॉट'नंतर लगेच येऊ शकते, 'बी'च्या नंतर व धातुसाधिताच्या आधी येऊ शकते, आणि धातुसाधिताच्या मागूनही चालू शकते. अपवाद एवढाच, की 'कॅनॉट' हा शब्द जोडून लिहिण्याचा प्रघात असल्यामुळे त्याच्या पोटात काही घालावयाचे झाल्यास तो आधी फोडावा लागतो. जागा पाच असल्या तरी प्रत्येक क्रियाविशेषणाला पाचही जागा मानवतात असे नाही, आणि ज्याला एकाहून अधिक मानवतात, त्याचा अर्थ जागेबरोबर पालटण्याचा संभव असतो. नव्या शिकणाराला भय वाटावे ते या दुसऱ्या प्रकाराचे. कारण पहिल्या प्रकारात चूक झाली तर वाक्य नुसते कानाला खटकते, दुसऱ्यात मात्र ते शुद्ध राहून भलतेच सांगते.

मराठी माणसाला ही अडचण विशेष भासण्याचे कारण त्याच्या स्वभाषेच्या घडणीत आहे. मराठीत निषेध वाक्याच्या अखेरीस येतो. 'उघडू नये', 'उघडता येत नाही', 'उघडले गेले नसावे' यांत जे काही म्हणावयाचे ते सर्व म्हणून झाल्यावर मग नकार उमटतो, आणि तो मागील मजकुरापैकी नेमक्या कोणत्या शब्दाला लागू करावयाचा हे बोलणाराच्या आघातावरून किंवा 'च' या एकाक्षरी अव्ययावरून ऐकणारा ठरवितो. 'त्याला मुद्दाम बोलावले गेले नसावे' हे वाक्य घ्या. त्याला टाळण्याचा हेतू होता असा अर्थ यातून निघतो, आणि त्याला बोलावले गेले खरे, पण ते हेतुपुरस्सर नव्हे, असाही निघतो. बोलताना आवाजाने जो निर्णय होतो तो कागदावर होत नाही. आपल्या शक्य कर्मणीत तर साहाय्यक क्रियापद, कर्मणी आणि नकार हे तिन्ही दोन शब्दांत मावतात: 'त्याच्याने हे ओझे सहज उचलवत नाही'. येथेही 'सहज' या शब्दाची जागा क्रियापदाच्या आधी, म्हणून नकाराच्याही आधी, ही जणू ठरलेलीच आहे, आणि तिच्यावरून अर्थनिर्णय करण्याची आपल्याला सवय नाही.

इंग्रजीत 'नॉट' वाक्याच्या मध्यावर उभा असतो आणि त्याचा अंमल त्याच्या उजव्या बाजूस चालतो. जे क्रियाविशेषण त्याच्या उजवीकडे राहते ते निषेधाच्या हद्दीत येते, म्हणजे ते स्वतःच नाकारले जाते. जे डावीकडे राहते ते हद्दीबाहेर राहून उलट निषेधावरच आपली छाया पाडते. वरील मराठी वाक्याचे दोन अर्थ इंग्रजीत म्हणूनच दोन वाक्ये होतात. 'ही मे डिलिबरेटली नॉट हॅव बीन इन्व्हायटेड' म्हणजे त्याला जाणूनबुजून टाळले असावे. 'ही मे नॉट हॅव बीन डिलिबरेटली इन्व्हायटेड' म्हणजे बोलावणे गेले असेल, पण ते योजून केलेले नसावे. तेव्हा इंग्रजी वाक्य लिहिण्यापूर्वी आपल्या मनातील मराठी वाक्याला एकच प्रश्न विचारावा: या क्रियाविशेषणाला मी नाकारीत आहे, की त्याच्या साह्याने मी नाकारीत आहे? उत्तर आले की जागा जवळजवळ ठरते.

या प्रश्नाचा उपयोग किती होतो ते 'सिंप्ली' या निरुपद्रवी दिसणाऱ्या शब्दावरून कळेल. 'द कंप्लेंट कॅनॉट सिंप्ली बी इग्नोअर्ड' या वाक्याचा आशय असा, की तक्रारीकडे नुसते दुर्लक्ष करून भागणार नाही, काही उत्तर द्यावे लागेल, मग ते नकाराचे का असेना. 'द कंप्लेंट सिंप्ली कॅनॉट बी इग्नोअर्ड' असे लिहिले, की तिच्याकडे दुर्लक्ष करणे केवळ अशक्य आहे, असा आवेश त्यात भरतो. पहिले वाक्य सावध अधिकाऱ्याचे, दुसरे संतापलेल्या संपादकाचे. आणि शब्द मात्र दोहोंत तेच. 'रिअली' आणि 'जस्ट' यांचाही थाट थोड्याफार फरकाने असाच आहे.

सार्वजनिक बांधकामाच्या निविदासूचनांतून नेहमी आढळणारे एक वाक्य आहे: 'द लोएस्ट टेंडर विल नॉट नेसेसरिली बी ॲक्सेप्टेड'. सर्वांत कमी रकमेची निविदा स्वीकारलीच जाईल असे नाही, असा त्याचा अर्थ, आणि कंत्राटदाराच्या आर्थिक ऐपतीचा किंवा पूर्वीच्या कामाचा विचार करण्याची मोकळीक त्याने कचेरीकडे राहते. आता यातील एक शब्द एक घर डावीकडे सरकवून 'विल नेसेसरिली नॉट बी ॲक्सेप्टेड' असे कोणी टंकलिखित केले, तर कमी रकमेची निविदा हटकून फेटाळली जाईल असे जाहीर केल्यासारखे होईल, व सरकारी तिजोरीच्या हितासाठी काढलेली सूचना तिच्याच मुळावर येईल. याच शब्दाविषयी आणखी एक गोष्ट जाता जाता सांगितली पाहिजे. 'मस्ट'चा नकार 'मस्ट नॉट' असा होतो खरा, पण त्याचा अर्थ 'केलेच पाहिजे असे नाही' हा नव्हे, तर 'करताच कामा नये' हा आहे. 'केलेच पाहिजे असे नाही' यासाठी 'नीड नॉट' आहे. 'द फॉर्म नीड नॉट बी साइन्ड' म्हणजे सही नसली तरी चालेल. मग 'नीड नॉट नेसेसरिली बी साइन्ड' असे लिहिण्याची जी खोड पुष्कळांना असते ती केवळ पुनरुक्तीची होय, आणि ती सोडलेली बरी.

'ऑलवेज' या शब्दाचे प्रकरण याहून सोपे आहे. मराठीत 'हे दार नेहमी उघडे ठेवू नये' असे आपण म्हणतो, त्यावरून नवशिका कारकून 'मस्ट ऑलवेज नॉट बी' असे लिहितो, आणि ते कोणत्याही इंग्रज कानाला सहन होणार नाही. शब्द उलटवून 'मस्ट नॉट ऑलवेज बी' केले, तर नेहमी नको, अधूनमधून चालेल, अशी सवलत दिल्यासारखे होते. इंग्रजीची सोय 'नेव्हर' ही आहे. तो 'नॉट'च्या जागी बसतो, त्याचे काम आणि 'ऑलवेज'चे काम एकटा करतो, व त्याच्यानंतर पद्धतिवाचक क्रियाविशेषणाला जागाही राहते: 'द की मस्ट नेव्हर बी केअरलेस्ली लेफ्ट ऑन द टेबल'.

क्रियाविशेषण आपल्या जागेवरून कायदा कसा तोलून धरते हे पाहावयाचे असेल, तर भाडेपट्ट्यातील एका कलमाकडे वळावे. भाडेकरूने जमीनमालकाच्या संमतीवाचून जागा दुसऱ्याच्या स्वाधीन करू नये अशी अट बहुतेक पट्ट्यांत असते. आणि तिच्या मागोमाग, ती संमती 'शॅल नॉट बी अनरीझनेब्ली विथहेल्ड', म्हणजे ती सयुक्तिक कारणावाचून अडवून धरली जाऊ नये, असे शब्द येतात. इंग्लंडात १९२७ सालच्या जमीनमालक व भाडेकरू यांच्याविषयीच्या कायद्याने, १९व्या कलमान्वये, अशा अटीच्या पट्ट्यात ही मर्यादा मुळात लिहिलेली नसली तरी ती आहे असे समजावे, असे ठरविले, आणि तेव्हापासून 'अनरीझनेब्ली' या एका शब्दाच्या अर्थावर तेथील न्यायालयांत वाद होत आले आहेत. व्याकरणदृष्ट्या येथे काय घडते ते पाहा. क्रियाविशेषण काढून टाकले तर 'शॅल नॉट बी विथहेल्ड' एवढेच उरते, आणि मालकाला नाही म्हणण्याचा अधिकारच उरत नाही. ते 'नॉट'च्या उजवीकडे ठेवले, की निषेध अडवणुकीचा न होता अकारण अडवणुकीचा होतो, व मालकाचा नकार सकारण असेल तर तो शाबूत राहतो. ते 'नॉट'च्या डावीकडे नेले तर वाक्याला अर्थच राहत नाही. संमती गैरवाजवीपणे अडवू नये असे म्हणण्याऐवजी, अडवू नये हेच गैरवाजवी, असे काहीतरी विपरीत त्यातून निघू लागते.

पुढे या कलमाला शेपूट फुटते. संमती अडवू नये, तशी ती लांबणीवरही टाकू नये, म्हणून 'शॅल नॉट बी अनरीझनेब्ली विथहेल्ड ऑर डिलेड' असे लिहितात, आणि येथे क्रियाविशेषण दोन्ही धातुसाधितांच्या अगोदर असल्याने दोहोंना सारखे लागू पडते. तेच घाईघाईने 'विथहेल्ड ऑर अनरीझनेब्ली डिलेड' असे झाले, तर विलंब तेवढा सकारण चालेल, पण नकार मुळीच चालणार नाही, असा अर्थ भाडेकरूचा वकील काढील, आणि तो चुकीचा आहे असे म्हणता येणार नाही. 'विथहेल्ड ऑर डिलेड अनरीझनेब्ली' असे झाले, तर शेवटचा शब्द जवळच्या एकट्याचा की दोघांचा, यावर दोन्ही पक्षांचे वकील आपली फी मिळवितील. दोन धातुसाधिते 'अँड' किंवा 'ऑर' यांनी जोडलेली असतील तेव्हा सामाईक क्रियाविशेषण पहिल्याच्या अगोदर घालावे, हा नियम मी कोणत्याही मसुदेकाराला निःशंकपणे सांगेन.

जी क्रियाविशेषणे क्रियेची केवळ रीत किंवा प्रमाण सांगतात, त्यांच्या बाबतीत जागेचा प्रश्न अर्थाचा नसून कानाचा असतो. 'द लॉक कॅनॉट बी ईझिली ओपन्ड', 'द लॉक कॅनॉट ईझिली बी ओपन्ड' आणि 'द लॉक कॅनॉट बी ओपन्ड ईझिली' ही तिन्ही वाक्ये शुद्ध आहेत. लिखाणात पहिल्या दोहोंचा प्रघात अधिक, आणि तिसऱ्यात 'सहजासहजी' यावर भर पडतो. धातुसाधिताच्या लगत क्रियाविशेषण ठेवावयास आपल्याकडील काही जुने शिक्षक कचरत, कारण 'टू' आणि मूळ क्रियापद यांच्या मध्ये शब्द घालणे निंद्य, ही एकोणिसाव्या शतकातील शिकवण त्यांनी इतकी मनावर घेतलेली असे, की 'बी' आणि धातुसाधित यांची ताटातूट करणेही त्यांना पातक वाटे. एच. डब्ल्यू. फाउलर यांनी आपल्या १९२६ सालच्या इंग्रजी वापराच्या कोशात या भीतीचा खरपूस समाचार घेतला असून, संयुक्त क्रियापदाच्या पोटात क्रियाविशेषण ठेवणे हीच इंग्रजीची स्वाभाविक रीत आहे, असे ठासून सांगितले आहे. तेव्हा 'कुड नॉट हॅव बीन प्रॉपर्ली एक्झामिन्ड' असे बेधडक लिहावे. साहाय्यक शब्दांची रांग लांबली तरी रीतिवाचक क्रियाविशेषण त्या रांगेच्या शेवटाशी, धातुसाधिताला खेटूनच शोभते.

एके ठिकाणी मात्र ते धातुसाधिताच्या मागेच आलेले बरे. 'ट्रीट' या क्रियापदाचा 'वागविणे' हा अर्थ क्रियाविशेषणाशिवाय पुरा होत नाही; म्हणून 'द पेशंट मस्ट नॉट बी ट्रीटेड बॅडली' म्हणजे रुग्णाला वाईट वागवू नये. यातील शेवटचा शब्द टंकलेखकाच्या हातून गळाला, तर रुग्णावर उपचारच करू नयेत असा हुकूम रुग्णालयाच्या भिंतीवर लागेल.

वक्त्याचा अंदाज किंवा अभिप्राय सांगणारी 'प्रॉबेब्ली', 'सर्टनली', 'एव्हिडंटली' यांसारखी क्रियाविशेषणे ही 'नॉट'च्या हद्दीत राहावयास तयार नसतात, कारण ती वाक्यातील क्रियेविषयी नसून सबंध विधानाविषयी असतात. अर्ज बहुधा मंजूर होणार नाही, हे 'द ॲप्लिकेशन विल प्रॉबेब्ली नॉट बी ग्रँटेड' किंवा 'प्रॉबेब्ली विल नॉट बी ग्रँटेड' असे सांगावे. बोलताना 'विल नॉट'चे 'वोन्ट' होते तेव्हा मधली जागाच नाहीशी होत असल्याने 'प्रॉबेब्ली वोन्ट' हाच मार्ग उरतो. याच कुळातील वाटणारा 'पॉसिब्ली' मात्र फसवा आहे. आपण त्याचा अर्थ 'कदाचित' असा पाठ केलेला असतो, आणि म्हणून 'युअर रिक्वेस्ट कॅनॉट पॉसिब्ली बी ग्रँटेड' असे उत्तर आले, की मागणी कदाचित मान्य होणार नाही, पण कदाचित होईलही, अशी आशा अर्जदार धरून बसतो. वस्तुतः 'कॅनॉट'च्या उजवीकडे बसलेला तो शब्द शक्यतेचा उरलासुरला अंशही नाकारतो, आणि त्या उत्तराचा अर्थ, ही गोष्ट कोणत्याही प्रकारे होणे नाही, असा असतो. असे पत्र हाती आले असता दुसरा अर्ज करण्यात तिकीट खर्ची घालू नये.

'मे नॉट'ची संदिग्धता प्रसिद्ध आहे: 'द फाइल मे नॉट बी रिटर्न्ड टुडे' म्हणजे आज ती परत करण्यास मनाई आहे, की आज ती परत न येण्याचा संभव आहे? संभव सांगावयाचा तर 'मे वेल नॉट बी' असे लिहिले असता 'वेल' या डावीकडील शब्दाने तो पक्का होतो. मनाई सांगावयाची तर 'मस्ट नॉट' वापरून मोकळे व्हावे.

'येट' आणि 'स्टिल' हे दोघेही 'अद्याप' या अर्थी येतात, परंतु एक 'नॉट'च्या आत व दुसरा बाहेर राहतो: 'द रिझल्ट कॅनॉट येट बी डिक्लेअर्ड', 'द रिझल्ट स्टिल कॅनॉट बी डिक्लेअर्ड'. दुसऱ्यात किंचित त्रासलेला सूर असतो. 'सुद्धा' या अर्थी नकारात 'टू' चालत नाही, 'आयदर' वाक्याच्या शेवटी घालावा लागतो.

'हार्डली', 'स्केअर्सली', 'सेल्डम' यांच्या अंगातच नकार मुरलेला असल्यामुळे त्यांच्या जोडीला 'नॉट' आणू नये. मराठीत 'क्वचितच' याच्यानंतर होकारार्थी क्रियापद येते, पण 'फारसे' याच्यानंतर 'नाही' हवे असते, आणि या दुसऱ्या सवयीचा पगडा बसून 'कॅनॉट हार्डली बी बिलीव्ह्ड' अशी वाक्ये जन्माला येतात. शुद्ध रूप 'कॅन हार्डली बी बिलीव्ह्ड' एवढेच. हे शब्द, किंवा 'अंडर नो सर्कमस्टन्सेस' यासारखा निषेधात्मक शब्दसमूह, जोरासाठी वाक्याच्या अग्रभागी आणला, तर साहाय्यक क्रियापद कर्त्याला ओलांडून पुढे येते: 'अंडर नो सर्कमस्टन्सेस शॅल द सील बी ब्रोकन'. येथे क्रियापद फुटते, कर्ता त्याच्या मध्ये शिरतो, आणि 'नॉट' अजिबात लागत नाही. निषेध कर्त्यावरच ठेवण्याची जी कायद्यातील पद्धत आहे तिचे गोत्रही हेच. भारतीय संविधानाच्या २१व्या अनुच्छेदाचे इंग्रजी वाक्य पाहिले, तर जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य यांपासून वंचित करण्याची मनाई तेथे क्रियापदावर नसून 'व्यक्ती' या शब्दाआधीच्या नकारावर उभी आहे. तशा रचनेत वाक्याचा सगळाच मजकूर नकाराच्या उजवीकडे पडतो, आणि कोणते क्रियाविशेषण आत व कोणते बाहेर हा प्रश्न बहुतांशी सुटतो. मसुदा लिहिताना जागा सुचेनाशी झाली तर हा उपाय करून पाहण्यासारखा आहे.

स्थलकालवाचक शब्दांची जागा वाक्याच्या अखेरीस, कर्ता 'बाय' लावून सांगितला असल्यास त्याच्याही नंतर. पण कारण सांगणारे उपवाक्य अखेरीस आले, की 'नॉट'ची हद्द पुन्हा वादात सापडते. 'द क्लार्क शुड नॉट बी डिसमिस्ड बिकॉज ही इज पुअर': गरीब आहे म्हणून त्याला बडतर्फ करू नये असे दयेचे हे वाक्य, की केवळ गरिबीच्या कारणावरून बडतर्फी नको, दुसरे कारण असल्यास खुशाल करा, असे न्यायाचे? लिहिणाराच्या मनात दया असेल तर त्याने 'बिकॉज'चे उपवाक्य उचलून वाक्याच्या आरंभी ठेवावे. तेथे ते 'नॉट'च्या डावीकडे जाते व शंकेला जागा राहत नाही. न्याय असेल तर 'मिअरली बिकॉज' असे लिहिले म्हणजे काम भागते.

आता राहता राहिली एक रचना, जिने इंग्रजी उत्तम येणाऱ्यांनाही चकविले आहे: 'द सील कॅनॉट बी टू केअरफुली गार्डेड'. शब्दशः पाहता शिक्का फार काळजीने राखता येत नाही असे वाटते, आणि एखादा बेफिकीर कारकून त्यात आपल्याला सूट मिळाली असे मानील. अर्थ नेमका उलट आहे: काळजीची परिसीमा गाठली तरी ती जास्त झाली असे म्हणता येणार नाही, शिक्का कितीही जपला तरी थोडाच. येथे 'टू' हा शब्द 'नॉट'च्या हद्दीत असून अतिरेक तेवढा नाकारला गेला आहे, काळजी नव्हे. भाषणात, अग्रलेखात वा अभिनंदनपत्रात ही रचना शोभून दिसते. दप्तरातील परिपत्रकात मात्र तिच्या वाटेस न जाता 'द सील मस्ट बी व्हेरी केअरफुली गार्डेड' असे होकारार्थी लिहून खाली सही करावी.